विवेकदादानं चोराला दिलेली जागा

ज्या रविवारी विवेकदादानं एका चोराला स्वतःच्या जागेवर बसवलं, त्या रविवारी माझं सगळं बदललं.

आज दादाला जाऊन एक वर्ष झालं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पूर्णेला स्टेशनजवळ दादाचं झेरॉक्सचं दुकान होतं. रविवारी दुपारी शटर अर्धं खाली ओढून आम्ही चौघं आत गेम खेळायचो.

मोबाइलवरचा नाही. तोंडानं खेळायचा.

दादा गोष्ट सांगायचा, आम्ही त्या गोष्टीतली माणसं व्हायचो. काय करायचं ते आपण ठरवायचं. जमलं की नाही, ते वीस तोंडांचा डाइस ठरवणार. जितका मोठा आकडा तितकं नशीब. वीस म्हणजे कमालच.

आमच्या गोष्टीत गोदावरीचं सगळं पाणी गिळून बसलेला एक राक्षस होता.
मी गावचा कोतवाल. गण्या सरदार. प्रणाली नावाडीण.

ती नावाडीण झाल्यापासून माझा कोतवाल काही काम नसताना नदीवर चकरा मारायचा. दादाला कळायचं. नुसता मिशीत हसायचा.

आणि गण्याला दरवेळी वीसच पडायचे.

डाइस टाकायचा, त्यावर हात ठेवायचा, "वीस!" म्हणायचा आणि उचलून घ्यायचा.

मला खोटं सहन होत नाही. सेकंड इयरला कॉपी करणाऱ्या एकाची चिठ्ठी भर परीक्षेत ओढली, मारामारी झाली, त्यानंतर मी कॉलेजात परत गेलोच नाही. तिथं गण्या किस झाड की पत्ती.

एके दिवशी त्याची कॉलरच धरली.

"हात उचल, गण्या."
"तू काय टीसी हाईस का रे सुम्या? तिकीट दाखवू?"
"टीसीच समज. उचल."

हाताखाली तीन होते.

"दादा, हाकलून दे ह्याला!"

दादा म्हणाला, "आधी कॉलर सोड. इस्त्रीचा शर्ट हाय त्याचा."

मग गण्याकडं वळला. "पुढच्या रविवारी माझ्या जागेवर तू बसायचं. गोष्ट तू सांगायची."

"चोराला इनाम?" मी ओरडलो.

"राक्षसाचे डाइस आता ह्याच्या हातात. गोष्ट सांगणाऱ्यानं पुठ्ठ्याच्या आड टाकायचे, कुणी बघणार न्हाई. कितीबी खोटं बोलू दे."

पुढच्या रविवारी मी फक्त प्रणाली येणार म्हणून गेलो. खरं तेच सांगतो.

गण्या घाम पुसत पुसत गोष्ट सांगायला लागला. त्याच्या राक्षसानं आम्हाला पार बुडवत आणलं. प्रणालीच्या नावेला भोक पडलं. आता तिलाच काहीतरी करणं भाग होतं.

तिनं डाइस टाकला. सगळ्यांसमोर. उघडा.

वीस.

खरेखुरे वीस!

आम्ही उड्याच मारल्या. बाहेर आधार कार्डाची झेरॉक्स काढायला आलेले एक काका शटरखालून वाकून विचारायले, "काय झालं बाबा, भरतीत लागलं का कुणी?"

सगळ्यात मोठ्यानं गण्याच ओरडला. राक्षस त्याचा असून.

मग दादाकडं वळला.

"दादा, मला इतक्या वेळा वीस पडले. तुमी कुणी एकदाबी असं ओरडला न्हाईत."

दादा म्हणाला, "आमाला बघू कुठं दिलंस, राजा?"

त्यानंतर गण्यानं डाइसवर हात ठेवला नाही. लय वेळा हरला. लय वेळा मेला. नवीन माणूस बनवून पुन्हा यायचा, दात काढत.

मागच्या वर्षी दादाला ताप आला. नांदेडला नेलं.

पुढचं मला लिहवत नाही.

दादानंतर आम्ही एकदाच बसलो, गण्याच्या घरी. गोष्ट गण्या सांगत होता. माझा कोतवाल मरायला टेकलेला. त्याला वाचवायला प्रणालीला मोठा आकडा पाहिजे होता.

तिनं टाकला. झटकन उचलला.
"अठरा."

मी शेजारीच होतो. चार होते.

माझं टाळकं सरकलं. "खोटं कशाला बोलतीस? असलं फुकटचं जगायचं न्हाई मला!"

ती उठली. चपला घालता घालता म्हणाली,
"मला अजून एक जण मरताना बघायचा नव्हता, सुमित."

गेली.

ग्रुप बंद. मेसेज बंद. मी रोज काहीतरी टाइप करायचो आणि डिलीट करायचो. आम्हाला जोडून ठेवणारी एकच गोष्ट होती, ती पण दादाच्या मागं चालली होती.

ह्या आठवड्यात शेवटी प्रणालीला फोन केला.

"रविवारी गोष्ट तू सांग."
"शिक्षा का?"
"न्हाई. दादाची जागा हाय ती. गण्याला मिळाली, आता तुला."

ती म्हणाली,

"आणि माझ्या राक्षसानं तुझा कोतवाल मारला तर?"
"मार. पण डाइस उघडा टाकून मार."
"रडशील."
"रडीन की. तू थांबू नको."

हसली. किती दिवसांनी, काय सांगू.

आज रविवार आहे. काल दादाच्या आईनं दुकानाची किल्ली स्वतः गण्याच्या हातात दिली. म्हणाल्या, "जरा आवाज करा रे पोरांनो. लय शांत झालंय तिकडं."

दादा, चोर पकडायला मला आधीपासून येत होतं. पकडल्यावर त्याचं काय करायचं, ते तुझ्याकडं बघून कळायलंय. हळूहळू.

कोतवाल आज बहुतेक मरतोय. मरू दे. समोर प्रणाली बसलेली असणार.

आई विचारायली, "जेवून जातूस का?" आल्यावर जेवतो म्हणलं. पेडगावच्या फाट्यावर जीप भरायलीय, तिथून परभणी, मग पूर्णा.

जय भीम, दादा. तुला विसरणं जमणार नाही, ते आमच्याच्यानं होणार नाही.

चपला घातल्या. बाहेर आलो. दार ओढून घेतलं.