काकांची समबडी

माझ्या मावशीच्या यजमानांनी आयुष्यात कुणाचं म्हणून नाव घेतलं नाही, आणि याचा सगळा दोष इंग्रजी भाषेला जातो. माझगावच्या गोदीतल्या एका कचेरीत काकांनी जन्मभर टायपिंग केलं. तिथल्या पत्रांतून जे इंग्रजी उचललं, ते लालबागच्या चाळीत घेऊन आले आणि निवृत्तीनंतर आमच्यावर मोकळंच सोडलं. त्यांचा सिद्धान्त असा, की इंग्रजी क्रियापद कधी एकटं पाठवायचं नाही. "नुसतं 'लुक' म्हटलंस तर माणूस बघत बसतो. त्याला 'फॉर' दे, शोधायला लागतो. 'आफ्टर' दे, सांभाळतो. 'इनटू' दे..." इथे काका चष्मा पुसायचे, "मग काहीच करत नाही, फाईल उघडून ठेवतो." आणि त्यापुढे नाव घालायचं नाही. समबडी, एनीबडी, नोबडी, समथिंग! "नाव आलं की चौकशी आली. मी रिटायर होईपर्यंत टिकलो तो या समबडीच्या जिवावर."

घरातही हाच कारभार. पंखा बंद करायचा असला, की खाटेवर पडल्यापडल्या छताला सांगणार, "समबडी शुड स्विच ऑफ समथिंग." मावशी कोळंबी सोलत असायची. मान वर न करता म्हणायची, "तो समबडी खाटीर पडलो हा. उठा!" एकदा बाजारात कोळणीसमोर उभे राहून म्हणाले, "आय ॲम लुकिंग फॉर समथिंग." ती बिचारी म्हणाली, "ते संपलं काका. बोंबील हाय, ताजा." काका निमूटपणे बोंबील घेऊन घरी आले.

आता आमच्या कोकणातल्या जुन्या माणसांत नवरा-बायको एकमेकांचं नाव घेत नाहीत, हे मान्य. मावशी 'अहो' म्हणते. पण काकांनी त्यावर इंग्रजी कळस चढवलेला. दारात चपला काढताकाढता विचारणार, "इज एनीबडी ॲट होम?" अहो, खोली एक, तीत माणूस एक! मावशीचं नाव त्यांनी लग्नातल्या उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. आई म्हणते, तिथेही नुसते पुटपुटले होते.

असल्या माणसाच्या हाती आमच्या गल्लीच्या मंडळाने गणपतीत हरवलेल्या माणसांचा माईक का दिला, देव जाणे. काका सुरू: "समबडी इज वेटिंग फॉर समबडी. एनीबडी लुकिंग फॉर एनीबडी, प्लीज कम टू अस!" सेक्रेटरी हात जोडायचा, "काका, पोराचं नाव तरी सांगा!" काका माईकवर हात धरून म्हणायचे, "नाव सांगितलं तर कुणीही येऊन 'हा माझा' म्हणेल. ज्याचं पोर हरवलंय, त्याने येऊन नाव सांगावं. मग द्यायचं." फक्त त्या हाकेला अर्धी गल्ली ओ द्यायची. चपला हरवलेले यायचे. मैत्रिणीने ताटकळत ठेवलेला एखादा तरुण यायचा. आणि एक आजोबा रोज येऊन विचारायचे, "मला कोणी शोधतंय का?" कोणी शोधत नसायचं. काका त्यांना चहा पाजून शेजारी बसवून घ्यायचे.

गेल्या वर्षी एका संध्याकाळी माझी आई मंडपात आली ती रडकुंडीला येऊनच. मावशीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, तरी हट्टाने दर्शनाला निघाली. कोपऱ्यावर गर्दीचा लोंढा आला आणि आईच्या हातातून तिचा हात सुटला. तिचा फोन घरी चार्जिंगला. काकांनी माईक ओढला. "समबडी इज लुकिंग फॉर समबडी." पुन्हा तेच. पुन्हा तेच. चपलावाले आले, आजोबा आले, मावशी काही येईना. बाहेर गर्दी वाढतच होती, तिला नीट दिसत नव्हतं, डोळ्याला कुणाचा धक्का लागला तर? "काका, नाव घ्या!" मी ओरडलो. काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी त्यांना भर गल्लीत सदरा उतरवायला सांगितलं. मग ते माईकपाशी वाकले.

"इंदू!"

आवाज फाटला होता. "इंदू गो! खंय आसंस? मी हयसर आसंय!" इंग्रजी पार पळालं. ढोल बडवणारी पोरंसुद्धा थांबून बघायला लागली.

थोड्या वेळाने गर्दीतून वाट काढत मावशी आली. शेजारच्या गल्लीत मसाल्याच्या गिरणीच्या पायरीवर बसून राहिली होती. चेहरा लालबुंद. "लाज नाय वाटणा तुमका? चार मान्सांत नाव घेतलात माझा!"

"अगं, मघापासून समबडी समबडी ओरडतायत, ऐकू नाही आलं?" आईने विचारलं.

"ता ऐकलंय मी. ता रोजचाच."

माईक बंद करायचा राहून गेला होता, त्यामुळे काकांचं नाक ओढणं तेवढं सगळ्या गल्लीने ऐकलं. मला हसू आलं आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणीही आलं, काय करू!

दुसऱ्या दिवशी काका पुन्हा समबडीवर आले. चाळीतली कार्टी जिन्याखाली लपून 'इंदू गो!' ओरडायची आणि मावशी लाटणं घेऊन बाहेर यायची. दिवाळीत ती आमच्याकडे आईबरोबर चकल्या पाडत बसली होती. काका घरी होते, पंख्याखाली. मावशी खाली बघतच आईला हळूच म्हणाली, "बाये, इतक्या वर्सांत पयल्यांदा त्यांच्या तोंडातसून नाव ऐकलंय."

तिने हातातली चकली पुरी केली, तिचं टोक बोटाने दाबलं.

"परत एकदा हरवूक व्हया."