चुडामणने तपासलेली वही

माझा सोबती चुडामण, रावेरकडचा केळीवाला. वर भरदार फण्या अन् खाली बारीक, ही लबाडी त्यानं जन्मभर पाहिलेली. नात मोनाली धुळ्याच्या निवासी क्रीडा शाळेत गेली, तेव्हापासून त्याला एकच संशय : पोरीला नुसतं पळवतात, शिकवत काहीच नाहीत! तिला परत आणायचं म्हणून न कळवता आम्ही दोघं शाळेत धडकलो. काय शिकवता ते दाखवा, असं चुडामणनं म्हटल्यावर वर्गाच्या बाईंनी मोनालीच्या वर्गाच्या गठ्ठ्यातली वरची वही पुढं केली.

"ती नको बाई, सगळ्यात खालची दाखवा."

त्या वहीत निम्मी गणितं चुकलेली, पण एकेक लाल शाईनं तपासून पुन्हा सोडवून घेतलेलं. चुडामण खूश! म्हणाला, "बठ्ठं, सगळंच बरोबर असतं, तर नुसतं दाखवायले उतरवलेलं समजून पोरीले आत्ताच घरी नेलं असतं. राहू द्या तिले."