एका ताटलीतली भाकर

माझ्या भावानं, अण्णानं, चाळिशी उलटल्यावर पुन्हा बाप्तिस्मा घेतला. खानापुरातच, मलप्रभेच्या कमरेएवढ्या पाण्यात. बेळगावातल्या त्याच्या नव्या चर्चच्या मंडळीनं काठावर टाळ्या वाजवल्या म्हणे. आईला आम्ही सांगितलं नव्हतं, पण खानापुरात असल्या गोष्टी सांगाव्या लागत नाहीत.

आई तेव्हा अंथरुणाला खिळली होती. तिनं त्याला फोनवर विचारलं, "तान्हा आसताना देवळात तुला हातावर घिऊन हुबी हुते, पाळकांनी पाणी लावलं, ते काय खोटं हुतं रं?" तेव्हापासून तिनं प्रभुभोजन घेणं सोडलं. आमचे पाळक भाकर आणि द्राक्षरस घेऊन घरी येत आणि ही भिंतीकडं तोंड फिरवी. दोन्ही लेकरं शेजारी बसून एकाच ताटलीतली भाकर घेतील तेव्हाच मी घेईन, म्हणायची. हट्टाचं आमच्या घरात कधी दुर्भिक्ष पडलं नाही. डॉक्टरांनी मात्र आशा सोडली होती आणि ही अशीच, प्रभुभोजनावाचून जाणार, ही धास्ती मला लागली होती.

जानेवारीत गावातल्या सगळ्या मंडळ्या मिळून प्रार्थना करतात. तिथं कॅथलिक फादरांनी एक रीत घालून दिली होती. आधी समोरच्याचा विश्वास आपल्या तोंडानं सांगायचा, आणि तो "व्हय, आसंच" म्हणेपर्यंत आपलं घोडं पुढं दामटायचं नाही. मला तो पोरखेळ वाटायचा. पण दुसरं काही उरलंच नव्हतं, म्हणून बेळगावची बस धरली.

अण्णाच्या स्वयंपाकघरात बसून मी सांगितलं, "तुला वाटतं, तान्ह्या लेकराला विश्वास कसला? माणसानं सोता हाक मारावी, मगच पाणी. आणि त्या दिवशी तू पहिल्यांदाच मनापासनं हाक मारलीस."

"व्हय," तो म्हणाला. त्याचे डोळे भरले. मग थांबत थांबत तो म्हणाला, "तुमचं म्हणणं, लेकराला कळायच्या आधीच देव त्याच्याकडं आलेला आसतो. आईनं मला त्याच्याच हातात दिलं."

"व्हय रं अण्णा, आसंच."

दोघं रडलो. वाटलं, जमलं! मी म्हटलं, चल मग आत्ताच. तो आला, अगदी घातल्या कपड्यांनिशी. पण बसमध्ये म्हणाला, "येतो, पण घेणार न्हाय. तुमचं म्हणणं कळलं, पटलं न्हाय. मी आता ती भाकर घेतली तर देवापुढं नाटक हुईल." मला त्याला बसमधून ढकलून द्यावंसं वाटलं.

पाळक आले. आम्ही दोघं आईच्या दोन बाजूंना बसलो. पाळकांनी भाकर मोडून ताटली पुढं केली. मी तुकडा उचलला. अण्णानं हात जोडले आणि मान खाली घातली. देवा, त्याचा हात हलू दे, एवढंच मी घोकत होते.

आईनं त्याचे जोडलेले हात चाचपले. "खोटं वागवत न्हाय न्हवं तुला?"

"न्हाय, आई."

"बरं केलंस. लबाडी करून खाऊ नगंस." तिनं त्याच्या डोक्यावरनं हात फिरवला. मी पाळकांकडून तुकडा घेऊन तिच्या ओठांशी नेला. तिनं माझं मनगट धरून हळूच बाजूला सारलं. "मलाबी खोटं वागवत न्हाय गं. एका लेकराला सोडून कशी खाऊ?"

तिचा राग पार गेला होता, समजूत काढण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी तो तुकडा ताटलीत परत ठेवला. पाळकांनी ताटली झाकली. त्याच आठवड्यात आई गेली, उपाशीच.