डाव्या चाकाचे आटे

सन दोन हजार बावीस. मला चौऱ्याहत्तरावं चालू होतं. शाळा तिसरीपर्यंत, तीही मास्तरांनी घरी येऊन धरून नेलं म्हणून. पण इंजिन नुसतं ऐकून कुठल्या सिलिंडरला दुखतंय ते मी सांगतो. ह्याचा मला गर्व आहे आणि तो मी कधी लपवला नाही. महाळुंग्यात आमच्या घराच्या तिन्ही अंगांना कंपन्यांच्या भिंती आल्या, एजंट खेटे घालून दमले, तरी मागची पत्र्याची शेड मी विकली नाही. त्या शेडमध्ये मी जुन्या अमेरिकन गाड्या दुरुस्त करतो. लांबलांबून माणसं येतात.

एका जातीची गाडी तेवढी मी हातात घेत नव्हतो. गोल टपाची, रुंद बंपरची. चाळीस वर्षांपूर्वी तळेगावच्या एका शेठची तसली गाडी पहिल्यांदाच आमच्याकडे आली होती. तिनं माझ्या धाकट्या भावाचा गुडघा नेला.

तेव्हा आम्ही दोघं मिळून काम करायचो. इंजिन माझं, चाकं आणि ब्रेक त्याचे. शेठची गाडी तयार झाली, धाकटा ट्रायलला घेऊन निघाला आणि तळेगावच्या रस्त्यावर पुढचं डावं चाक निघून शेतात गेलं. गाडी रस्त्याकडेच्या चारीत पडली. त्याचा पाय जो मोडला तो जन्मभर ओढतच राहिला. दवाखान्यात तो एवढंच म्हणाला, "दादा, मी आवळलं व्हतं." मी मारुतीच्या पारावर माणसं गोळा करून सांगितलं, की चाक ह्यानंच ढिलं ठेवलं. माझं नाव मोठं. त्यानंतर त्याच्या हातात कुणी गाडी दिली नाही. त्यानं एका कंपनीच्या गेटवर वॉचमनची नोकरी धरली, मग बायकोपोराला घेऊन दिघीला राहायला गेला. तो वारला त्याला आता सहा वर्षं झाली होती. मी मातीला गेलो, घरात गेलो नाही.

तो गेल्यापासून शेडमध्ये आवाज यायचा. फरशीवर पाय ओढल्याचा. मी गाडीच्या उजव्या अंगाला असलो की डाव्या अंगाला यायचा, वाकून पाहिलं की बंद. भर दुपारी. बायको म्हणायची, मांजर असंल. आता मांजर काय पाय ओढत चालतं का? मी मोठ्यानं रेडिओ लावून काम करायला लागलो. गाण्याच्या मधल्या जागेत तो आवाज बरोबर सापडायचा.

अशात रावेतचे एक साहेब आले. पन्नाशीचे, आयटीतले. वडिलांची गाडी ट्रकवर घालून थेट दारात. मी बघितलं. तीच जात.

"ही मी करत न्हाई," मी म्हणालो.

"काका, सगळ्यांनी तुमचंच नाव सांगितलं. नाहीतर मुंबईला पाठवावी लागेल."

"मुंबईत काय बोडकं जमतंय," असं माझ्या तोंडून गेलं. झालं. गाडी शेडमध्ये आली.

दहा दिवस मी इंजिन सोडून कशाला हात लावला नाही. अकराव्या दिवशी ब्रेक बघायचे म्हणून चाकं काढायला घेतली. उजवीकडची दोन्ही लोण्यासारखी निघाली. डावीकडचं पुढचं हलेना. केरोसीन सोडलं, पान्याला पाईप घातला, पाईपवर उभा राहिलो. एक बोल्ट तटकन तुटला आणि मी ढुंगणावर आपटलो.

बायको दारातून म्हणाली, "उद्या बघा. नट काय पळून जातोय व्हय?"

तेवढ्यात साहेब आले. तुटलेला बोल्ट त्यांनी उचलला. "काका, डाव्या बाजूचे आटे उलटे असतात ह्या गाडीला. वडील सांगायचे. बोल्टच्या टोकाला खूण असते, बघा."

"साहेब, पन्नास वर्षं गाड्या खोलतोय मी. मला शिकवू नका."

"नाही शिकवत. तुम्ही एकदा बघा तरी."

मी फडक्यानं दुसऱ्या बोल्टचं टोक पुसलं. इंग्रजीतला एल होता. तेवढी अक्षरं पान्यांवर वाचून मला येतात. पाना उलटा लावला आणि ज्या बाजूनं जन्मभर नट आवळले त्या बाजूनं ओढला. कट् करून नट सुटला. पुढचा अर्धा फेरा तर एका हातानं फिरला.

ते कट् माझ्या ओळखीचं होतं.

मी खालीच बसून राहिलो. साहेब पाणी आणायला गेले. आणि चाळीस वर्षांपूर्वीची ती सकाळ समोर उभी राहिली. धाकट्यानं चारी चाकं बसवून पाना खाली ठेवला होता, म्हणाला, "दादा, झालं." माझी रीत अशी होती, की शेवटचा हात माझा. गिऱ्हाइकासमोर प्रत्येक नटाला एकेक झटका मारायचा, मगच गाडी बाहेर. मी डाव्या अंगाला गेलो तसा तो म्हणाला, "दादा, त्या बाजूला राहू दे, तिकडं..." मी म्हणालो, "गप. मला शिकवू नको." झटका मारला, नट कट् करून फिरला. दुसराही फिरला. मला मनातून बरं वाटलं, हे मी आज लिहून ठेवतो. शेठकडं बघत मी म्हणालो, "बघा, पोरानं कसं ढिलं ठेवलंय."

पारावर मी हेच सांगितलं होतं, की मुळातच इतकं ढिलं, माझ्या एका झटक्यानं किती आवळणार. नट माझ्या हाताखाली फिरले, मारुतीची शपथ. शपथ खरी होती. नट फिरलेच होते. मी ते आवळत नव्हतो, सोडत होतो.

साहेबांनी आणलेलं पाणी मी प्यायलो आणि तसल्याच ग्रीसच्या कपड्यांनी बस धरली. भोसरीला उतरून दिघीपर्यंत रिक्षा केली. धाकट्याची बायको दारात मेथी निवडत बसली होती. मला बघून तिनं डोक्यावर पदर घेतला, पण उठली नाही.

मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. आटे काय, उलटे म्हणजे कसे, मी काय केलं. ती मेथीची काडी काडी मोडत राहिली.

"त्याला माहीत व्हतं का, चूक माझी हाय म्हणून?" मी विचारलं.

"माहीत असंल तर मला न्हाई बोलले. तुमचं नाव निघालं की उठून बाहेर जायचे. पाय दुखत असला तरी जायचे."

मी म्हणालो, "मी चुकलो."

"मला कशाला सांगता, भाऊजी? तवा मला सांगितलं नव्हतं तुम्ही. पारावर सांगितलं व्हतं, माणसं गोळा करून." तिनं निवडलेली मेथी उचलली आणि आत गेली. चहा विचारला नाही.

परतीच्या बसमध्ये मी मनाशी पुष्कळ मखलाशी केली. तेव्हाची निम्मी माणसं मेली. उरलेल्यांना आठवत तरी असेल का. आता माझी लाज काढून कुणाचा पाय सरळ होणार आहे. घरी येऊन शेडमध्ये गेलो. गाडी एका जॅकवर डाव्या अंगाला उचललेली तशीच होती. रेडिओ लावला नाही. आवाज आला नाही, तरी मी वाट बघत बसलो. बायको जेवायला बोलवून बोलवून थकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून मी पारावर गेलो. पाच म्हातारे पेपर वाटून घेऊन बसले होते. त्यातले तिघे त्या दिवशीचे. मी चपला काढल्या आणि म्हणालो, "माझ्या धाकट्यानं चाक आवळलं व्हतं. ढिलं मी केलं."

"बस की राव, चहा सांगतो," एक म्हणाला.

मी बसलो नाही. कडेचा एक कानाला हात लावून म्हणाला, "काय म्हणतोय ह्यो? कुणी ढिलं केलं?"

त्याला ऐकू कमी येतं. मी आणखी मोठ्यानं, समोरच्या कंपनीच्या बसला थांबलेली पोरं वळून बघतील एवढ्या मोठ्यानं, पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.