आता राज कुणाचं?

आमचे साडू अण्णा आयुष्यात जे काही शिकले ते निव्वळ संशयापोटी शिकले, हे मी छातीठोकपणे सांगतो. माणसं आवडीनं शिकतात, पोटासाठी शिकतात. आमचे अण्णा शिकायचे ते समोरचा आपल्याविरुद्ध काय शिजवतोय हे कळावं म्हणून. त्यांच्या चिंताकी गावात घरात मराठी, आणि तेव्हाच्या राजवटीची म्हणून शाळेत उर्दू. मुलूख म्हैसूर राज्यात गेला आणि कचेरीत कन्नड आलं, तेव्हा परीक्षेत हेच पहिले. पुढं गुलबर्ग्याच्या कचेरीत भोकं पाडलेल्या कार्डांवर चालणारं यंत्र आलं, तर त्याची कोबॉल नावाची भाषाही त्यांनी घोटली. "दुश्मनाची जबान यायलाच पायजे, गुरुजी," असं म्हणायचे. मी चिटगुप्प्याचा साधा शाळामास्तर, पण माझ्याशी बोलतानाही आधी दार लोटून घ्यायचे.

निवृत्तीला चार वर्षं उरली असताना टीव्हीसारखा पडदा असलेले नवे संगणक आले आणि कोबॉल एका दिवसात अडगळीत गेली. "आता राज कुणाचं आलं?" हा अण्णांचा पहिला प्रश्न. शिकवायला आलेल्या मुलीला त्यांनी विचारलं, "बाई, आधीची भाषा कामून गेली? कुणी घालवली?" ती म्हणाली, "कुणी नाही सर, नवी जास्त सोपी आहे." सोपी म्हटल्यावर तर त्यांचं जेवणच कमी झालं. घरी पुठ्ठ्यावर पेनानं कळफलक काढून बोटं चालवायचे, आणि परवलीचा शब्द आला की त्या पुठ्ठ्यावरही डावा तळवा आडवा धरायचे. "मी भाकरी थापायलेय, तुमचा शब्द कोण बघायलंय?" मेहुणीबाई करवादायच्या. यंत्रानं केलेली बेरीज पेन्सिलीनं पुन्हा करायची आणि ती जुळली की अण्णा जास्तच बिथरायचे. "आधी इमानदारी दाखवायलंय. लुच्चा माणूस असाच भरोसा बसवतो."

मी पोट धरून हसायचो. या नव्या संगणकाच्या परीक्षेत नापास होणाऱ्याला काढणार नव्हते, फक्त जुन्याच खुर्चीवर ठेवणार होते. एकदा म्हटलं, "अण्णा, चार वर्षांसाठी कामून एवढं मनाला लावून घ्यायलाव?" त्यांनी दार लोटलं. "आमच्या वडलांना, अप्पांना बी नोकरीवरून कुणी काढलं न्हाई. उर्दूत त्यांचा हात धरणारा न्हवता, पण कन्नड जमलं न्हाई. खुर्ची तीच, पगार तोच. नुसता टेबलावर कागद यायचा बंद झाला. सात वर्षं टेबल पुसत बसले." आपण इतके दिवस हसलो याची मला लाज वाटली.

अण्णा पास झाले, आणि पहिले आले. पुढच्या महिन्यात पेढे घेऊन गेलो तर तोंड उतरलेलं.

"कागद आला न्हाई, गुरुजी."

"अहो, आता काम त्या यंत्रातच येतं. तुम्हीच सांगितलंत मला."

"व्हय, ठावं हाय. सगळ्यांत जास्त काम माझ्याकडंच हाय. पण सकाळी टेबल रिकामं दिसलं की अप्पा दिसायलेत."

त्या आठवड्यात मी त्यांच्या कचेरीच्या पत्त्यावर एक पोस्टकार्ड टाकलं: इकडे सर्व क्षेम, विशेष काही नाही. त्यांच्या निवृत्तीपर्यंत दर आठवड्याला एक टाकत राहिलो. उलट टपालानं उत्तर यायचं, "कार्ड पोचले. विशेष काही नाही तर लिहिलेत कामून? खरे काम काय ते कळवावे." मी पुन्हा खुशालीच कळवायचो. माझं खरंच काही काम नव्हतं, यावर त्यांचा शेवटपर्यंत विश्वास बसला नाही.