चहा प्यायला बेंगलोरला

विमानतळावर माझी बॅग काट्यावर ठेवली आणि काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "आजी, वजन जास्त आहे."

"माझं का बॅगचं?" मी विचारलं.

तो हसला नाही. बॅगेत माझ्या लेकीची वर्षाची चटणी होती. लेक हैदराबादला असते. नवरा-बायको दोघंही नोकरीला, आणि तीन वर्षांची जुळी पोरं. गेल्याच्या आधीच्या उन्हाळ्यातली ही गोष्ट.

कोल्हापूरबाहेरच्या माणसाला सांगायला हवं, आमच्याकडं चटणी म्हणजे ताटात डाव्या बाजूला वाढतात ती नव्हे. मिरची, कांदा, लसूण, खोबरं, धणे, तीळ आणि गरम मसाला भाजून, वाळवून, डंकावर, म्हणजे कुटायच्या गिरणीवर, कुटून आणलेलं लाल तिखट म्हणजे चटणी. उन्हाळ्यात एकदा करून ठेवायची आणि वर्षभर आमटीला, भाजीला, रश्श्याला वापरायची. लग्न झालेल्या लेकीची चटणी आईकडनं जाते. मला माझ्या आईकडनं आली, माझ्या लेकीला माझ्याकडनं जाते. तिला ती पोचली नाही तर उन्हाळ्याचं काम अर्धंच झालं असं मला वाटतं.

"जास्तीचं हातातल्या पिशवीत घेते," मी म्हटलं.

"तिखट आत न्यायला चालत नाही, आजी. कुणाच्या डोळ्यांत टाकलं तर?"

"एवढी मेहनतीची चटणी कुणाच्या तरी डोळ्यांत टाकीन व्हय मी? खुळा हाईस काय!"

मागच्या रांगेतली माणसं हसली, तेव्हा कुठं तो हसला. पण नियम तो नियम. जास्तीच्या वजनाचे पैसे भरा नाहीतर सामान काढा. त्यानं सांगितलेला दर ऐकून मी बॅग तिथंच फरशीवर उघडली. माझ्या साड्या एकीकडं, गूळ एकीकडं, चटणीचे डबे एकीकडं. अर्धे डबे बाहेर काढले आणि मला सोडायला पास काढून आत आलेल्या माझ्या मुलाकडं परत धाडले. त्या पोरानं बॅगेला चिठ्ठी लावता लावता सांगितलं, "तुम्ही सिल्व्हर मेंबर असता तर हे सगळं गेलं असतं, आजी."

हे माझ्या मुलानं ऐकलं. तिथनं पुढं वर्षभर आमच्या घरात चांदीच्या कार्डाशिवाय दुसरी गोष्ट नव्हती.

माझ्या मुलाचा यंत्राचे सुटे भाग करायचा छोटा कारखाना आहे. त्याची गिऱ्हाइकं बेंगलोरला आणि अहमदाबादला, त्यामुळं तो सारखा विमानानं जातो-येतो. मी चौथीपर्यंत शिकले, पण विमानात बसायला शाळा लागत नाही. जुळी झाल्यापासून मीच लेकीकडं ये-जा करते. एकदा पोरं आजारी म्हणून, एकदा सांभाळणारी बाई पळाली म्हणून, एकदा नुसतंच.

त्या वेळी अर्धीच चटणी गेली. लेक म्हणाली, "कशाला एवढं ओझं आणतेस? इथं दुकानात मिळते की सगळी."

"मग दुकानातली खा."

दिवाळीच्या आधी तिचा फोन आला, "आई, संपली गं." दुकानातली आणून बघितली का विचारलं, तर म्हणाली, आणली होती, पोरांनी ताट ढकललं.

तुम्ही म्हणाल, पार्सल करायची. केली होती की एकदा, ट्रॅव्हल्सच्या बसनं. डबा फुटला आणि शेजारच्या पार्सलातल्या कुणाच्या तरी बस्त्याच्या साड्या लाल झाल्या. त्या लोकांनी फोनवर माझा उद्धार केला. मीही केला त्यांचा. पण चटणी काही परत आली नाही.

मार्च लागला आणि एका सकाळी मुलगा मोबाईल घेऊन माझ्यासमोर बसला. मी अंगणात मिरच्यांची देठं मोडत होते.

"आई, तुझ्या दोनच फेऱ्या कमी हाईत. महिना संपायच्या आत केल्या की तू सिल्व्हर."

"दोनच कशा? मी काय एवढी फिरले न्हाय."

"माझ्या फेऱ्यापण तुझ्याच नंबरवर घातल्यात की."

मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आमच्या घरात सगळं माझ्याच नावावर आहे. गॅस माझ्या नावावर, वीज माझ्या नावावर. अंगणात म्हशी होत्या तेव्हा दूध संस्थेतलं सभासदत्वही माझंच होतं. माझ्या धाकट्या जावेच्या म्हशीचं दूधसुद्धा माझ्या नंबरवर जायचं. दूध वाढलं की दिवाळीला संस्था फरक, म्हणजे दुधाचा बोनस, जास्त द्यायची आणि तो आम्ही दोघी वाटून घ्यायचो. मुलगा हे बघतच लहानाचा मोठा झाला. विमानातही तसंच चालतं, असं त्याला वाटलं. मलाही वाटलं.

"काय काय मिळतंय?" मी विचारलं.

त्यानं वाचून दाखवलं. रांगेत आधी नंबर. खिडकीकडची नाहीतर पुढची जागा, हवी ती. आणि जास्तीचं वजन फुकट.

मी देठं मोडता मोडता विचार केला. रांगेत आधी जाऊन काय करायचं? विमान सगळ्यांना घेऊनच उडतं. जो आधी आत गेला तो जास्त वेळ अवघडून बसला, एवढाच काय तो मान. शिवाय गुडघे दुखतात म्हणून चाकाची खुर्ची मागितली की कार्ड नसतानाही आपल्याला सगळ्यांच्या आधी नेतात. जागेचं म्हणाल तर मला लघवीला जायला सोपी पडेल अशी कडेची हवी, खिडकीतनं मला काय ढग मोजायचेत? राहिलं वजन. ते मात्र माझ्या कामाचं होतं. पुरे डबे जातील, पुरं वर्ष जाईल.

"हे कार्ड किती दिवस चालतं?"

"वर्षभर. पुढच्या वर्षी परत तेवढ्याच फेऱ्या करायच्या."

"म्हणजे म्हैस आटली की सभासदत्व गेलं."

"तसंच समज. पण आई, आता दोनच राहिल्यात. कशाला सोडायचं?"

"मग हैदराबादला जाऊन येते की."

तिथं अडचण होती. त्या महिन्यात लेकीची सासू तिच्याकडं राहायला आलेली. बाई चांगली आहे, पण दोन खोल्यांच्या घरात दोन म्हाताऱ्या म्हणजे त्या जावयाची दया यायची पाळी.

"हैदराबाद नको. बेंगलोरला जा," मुलगा म्हणाला. "सकाळच्या विमानानं जायचं, विमानतळावर चहा प्यायचा आणि परतीच्या विमानात बसायचं. झाल्या दोन फेऱ्या."

"बेंगलोरला कुणाकडं?"

"कुणाकडंच न्हाय."

"मग जायचं कशाला?"

"कार्डासाठी!"

"ज्या गावात आपलं कुत्रंसुद्धा न्हाय, त्या गावाला मी नुसता चहा प्यायला जाऊ? लोक इचारतील, कुठं गेलतीस? काय सांगू?"

"सांगू नको कुणाला."

"चोरी केल्यासारखं?"

माझी सून स्वयंपाकघरातनं ऐकत होती. ती म्हणाली, "आत्या, जावा की. परत येताना भुकेल्या राहू नका, दशम्या देते बांधून." आणि तोंडाला पदर लावून हसायला लागली.

मी नाही म्हणाले नाही, हे खरं आहे. चटणी सगळी जाईल, हा एकच विचार डोक्यात होता. दोन दिवस मी मनात बेंगलोरचा चहा पीत होते. शेजारणीनं विचारलंच तर मोठ्या डॉक्टरला गुडघे दाखवायला गेलते म्हणून सांगायचं, इथवर मी ठरवलं होतं. मग मुलानं तारीख सांगितली आणि सगळं बिघडलं. नेमक्या त्याच दिवशी डंकावर माझा नंबर होता.

हंगामात डंकावर नंबर लावावा लागतो. तो चुकला तर डंकवाला आठ-दहा दिवस दारात उभं करत नाही. तोवर भाजलेला मसाला सादळतो, कांदा वास धरतो.

"डंकाचा दिवस बदल," मुलगा म्हणाला.

"तू विमानाचा बदल."

"त्या दिवसाचंच तिकीट स्वस्त हाय."

"माझ्या मिरच्या त्याच दिवसाला वाळल्यात."

जेवताना तो सुनेला म्हणाला, "हिला सांग, चटणी पुढच्या आठवड्यातपण कुटता येती." सून म्हणाली, "तुम्ही आधी त्या विमानवाल्यांना फोन करून विचारा, नक्की दोनच कमी हाईत का. मग तिकिटं काढा."

हे त्याला पटलं. जेवण झाल्यावर त्यानं फोन लावला आणि आवाज मोठा ठेवला, म्हणजे मलाही ऐकू जावं. पलीकडची मुलगी हिंदीत बोलत होती, पण मोठी गोड आणि सावकाश. तिनं बराच वेळ काय काय तपासलं आणि म्हणाली, तुमच्या आईंच्या नंबरवर ज्या फेऱ्या त्यांनी स्वतः केल्यात तेवढ्याच धरल्या जातात. दुसऱ्या माणसाच्या फेऱ्या, मग तो मुलगा का असेना, बाद होतात. मोबाईलवर दिसत होतं ते कच्चं होतं. दोन नाही, अजून पुष्कळ फेऱ्या कमी होत्या.

मुलगा म्हणाला, "मग त्या माझ्या नंबरवर घाला."

"तुमचा नंबर आहे का, सर?"

नव्हता. त्यानं स्वतःचा कधी काढलाच नव्हता. सगळं आईच्या नावावर.

फोन ठेवून तो भिंतीकडं बघत बसला. मला हसू आवरेना. मी म्हटलं, "संस्थेत दूध बघत होते, म्हशीला कुणी काय इचारत नव्हतं. ह्यांच्यात म्हैसच बघतात."

"हसू नको, आई. माझ्या नावावर घातल्या असत्या तर मी कवाच सिल्व्हर झालो असतो."

"व्हय की. आता आटलास."

सून हसता हसता ताटं घेऊन आत गेली. थोड्या वेळानं तोही हसला, पण उशिरानं आणि अर्धाच.

माझा प्रश्न मात्र तसाच राहिला. एवढ्या फेऱ्या करणं शक्य नव्हतं, आणि केल्या असत्या तरी पुढच्या मार्चला परत बेंगलोरचा चहा. मी ओसरीवर बसून त्या मिरच्यांच्या ढिगाकडं बघत होते. कार्ड नाही, म्हणजे पुन्हा अर्धीच चटणी. पुन्हा दिवाळीच्या आधी फोन. मग मला त्या मुलीचं बोलणं आठवलं. जो बसतो त्याचंच धरलं जातं. म्हणजे जो बसतो त्यालाच बॅगही मिळते. आणि मी एकटीच कशाला बसायचं?

मी लेकीला फोन लावला.

"मी काय येत न्हाय आता. तू ये. डंकाच्या आदल्या दिवशी."

"अगं, दोन पोरं घेऊन?"

"पोरांचं तिकीट पडतं न्हवं?"

"पुरतं पडतं. दोघं दोन वर्षांच्या वर गेलीत."

"मग त्यांना बॅगपण पुरती असंल."

मग ती म्हणाली, "असेल की! मी कधी बघितलंच नाही." आणि मग म्हणाली, "आई, तू तीन वर्षांत मला ये म्हणालीच नव्हतीस."

ते खरं होतं. मीच सारखी जात होते, म्हणून तिला बोलवायचं सुचलंच नाही. मी म्हटलं, "आता म्हटलं न्हवं? सासूबाईंना त्यांच्या लेकाजवळ निवांत राहू दे, आणि तू ये. आणि पोरांचे कपडे जास्त आणू नको. रिकाम्या बॅगा आण."

ती आली. जावयाला रजा नव्हती, त्याची काही अडचण झाली नाही. डंकावर आम्ही तिघी गेलो, मी, सून आणि लेक. डंक सुरू झाला की उभ्या माणसाला ठसका लागतो. लेकीला सवय राहिली नव्हती, ती शिंकून शिंकून बेजार. डंकवाला म्हणाला, "ह्या पावण्या कुठल्या म्हणायच्या?"

"माझीच हाय," मी म्हटलं. "बाहेर राहून नाजूक झाली."

"मी नाजूक?" म्हणून तिनं माझ्या हातातनं चाळणी घेतली आणि घामानं भिजेपर्यंत चटणी चाळली. घरी आल्यावर तिच्या हातांची आग आग झाली, तेव्हा सुनेनं तिला तेल लावून दिलं आणि दोघी माझी नक्कल करत बसल्या. मला ऐकू येतं, हे त्यांना माहीत होतं.

दहा दिवस राहिली. पोरं अंगणभर नाचली, माझ्या झाडांची पानं तोडली, शिव्या खाल्ल्या.

जायच्या दिवशी मीही पास काढून विमानतळात गेले. काउंटरवर तोच पोरगा. त्यानं मला ओळखलं.

"आजी, कार्ड झालं का?"

"न्हाय. तू वजन कर."

एक बॅग लेकीची, त्यात तिघांचे कपडे. दोन बॅगा जुळ्यांच्या, त्यांत नुसती चटणी आणि थोडा गूळ. तीनही बॅगा काट्यावर बसल्या आणि त्यानं मान हलवली. एकही डबा परत आला नाही. त्यानं धाकट्याला विचारलं, "बॅगेत काय आहे रे?" तो म्हणाला, "माझी चटणी."

मुलानं त्याच आठवड्यात स्वतःचा नंबर काढला. परवा त्याला कार्ड मिळालं. आता तो सगळ्यांच्या आधी विमानात जाऊन बसतो आणि तिथनं मला फोन करतो.

"सुटलं काय विमान?" मी विचारते.

"न्हाय अजून. बाकीची माणसं चढायची हाईत."

"मग बस की," मी म्हणते, आणि कामाला लागते. पुढच्या मार्चचा डंकाचा नंबर आत्ताच लावून ठेवलाय. लेकीनं तिकिटं काढलीत, चार. या वेळी जावईपण येणार आहे. त्याची बॅगसुद्धा रिकामी आणायला सांगितलीय.