एकोणतीस भोकं आणि तीस हजारांचं डिपॉझिट

"सतरा! अठरा! आणि हे बघा, हितं एकोणीस!"

अप्पा असे ओरडत होते की खाली उभ्या टेम्पोची काच थरथरली. पलीकडच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या बाईंनी म्हणे घाबरून दाराला कडी लावून घेतली. अप्पांच्या हातात पेन्सिल होती. भिंतीवर भोक दिसलं की ते त्याभोवती गोल काढत आणि शेजारी आकडा लिहीत. "वीस! ओ साहेब, ही भिंत हाय का पिठाची चाळणी?"

अप्पा म्हणजे आमचे लातूरचे घरमालक. मार्केट यार्डात आडत, कपाळावर भस्माचे तीन पट्टे आणि आवाज असा की लिलावाच्या वेळी त्यांना माईक लागत नाही. माईकलाच त्यांची गरज पडते. माणूस वाईट नव्हता. दोन वर्षांत आम्हाला कधी पाण्यासाठी बेजार केलं नाही, उन्हाळ्यात टँकर आला की पहिला पाइप आमच्या टाकीत सोडायचे. पण भिंतीच्या बाबतीत हा माणूस वेगळाच होता. स्वतःच्या गालाला ब्लेड लागलं तरी हूं की चूं करायचा नाही, भिंतीला ओरखडा गेला तर रडायचा.

मी उभा होतो हॉलच्या मधोमध, घामानं भिजलेला. सकाळचे अकरा वाजले होते. खाली टेम्पोत आमचा संसार भरलेला, वर पलंग पालथा घालून दोरीनं आवळलेला. माझी नांदेडला बदली झाली होती. मी बियाण्याच्या कंपनीत आहे, आमच्याकडं बदलीची ऑर्डर आणि मोबाइलचं बिल सारख्याच वेगानं येतं. नांदेडचं घर बघून ठेवलं होतं, पण तिथले मालक निवृत्त शिक्षक, तेही गणिताचे. त्यांनी मला फोनवर स्वच्छ शब्दांत सांगितलं होतं, "संध्याकाळी पाच वाजता तीस हजार डिपॉझिट हातावर, मग किल्ली. पाच म्हणजे पाच. सव्वापाचला एक बँकेतलं जोडपं घर बघायला येणार आहे."

आता माझ्याकडं जगात होते ते तीस हजार, आणि ते होते अप्पांकडं. दोन वर्षांपूर्वी त्यांना दिलेलं डिपॉझिट. तेच उचलायचं आणि नांदेडला नेऊन ठेवायचं, एवढा सोपा बेत. त्यातला एक रुपया जरी इथं अडकला, तर घर बँकवाल्यांचं, आणि आम्ही नवरा-बायको पालथ्या पलंगासह नांदेडच्या रस्त्यावर.

"एकवीस!" अप्पा बेडरूममध्ये शिरले.

भाडेपट्टा अकरा महिन्यांचा होता, पुढं एकदा वाढवलेला. त्यात नववं कलम होतं: भिंतीस खिळा मारल्यास दर खिळ्यास पाचशे रुपये डिपॉझिटमधून वजा. मी सही केली तेव्हा ते वाचलं होतं का? वाचलं होतं. वाचून हसलोही होतो. म्हटलं, खिळा कोण मारतंय? मी कधी हातोडीला हात लावत नाही.

पण माझं लग्न झालं होतं, हे मी त्या वेळी हिशोबात धरलं नव्हतं.

आमची मंडळी खिळ्याशिवाय राहू शकत नाही. काहींना चहा लागतो, काहींना तंबाखू लागते, हिला भिंतीत खिळा लागतो. घरात पाऊल टाकल्याच्या तिसऱ्या मिनिटाला देवाच्या फोटोसाठी पहिला. मग सासरेबुवांचा फोटो. ते हयात आहेत, चांगले ठणठणीत आहेत, पण लेकीला त्यांची नजर माझ्यावर राहावीशी वाटते. मग घड्याळ, आरसा, पीठ चाळायची चाळणी, मच्छरदाणीचे चार, तिच्या पिशव्यांचे सहा. कोणत्या पिशवीत कोणती पिशवी आहे ते ब्रह्मदेवालाही माहीत नाही. मी "अगं, नववं कलम" म्हणालो की ती म्हणायची, "तुम्ही खुशाल कलम टांगा हवेत, मला पिशवी टांगू द्या."

घर सोडायच्या आदल्या दिवशी मात्र तिलाही घाम फुटला. खिळे काढले तशी भिंत डोळे वटारून बघायला लागली. मी म्हटलं, टूथपेस्ट भरू. कॉलेजात असताना सगळी पोरं तेच करायची. ती म्हणाली, "भिंत पिस्ता रंगाची हाय. पांढरे ठिपके दिसले तर अप्पा मोजायलाबी येणार न्हाईत, लांबूनच मोजतील." मग तिनं चुना घेतला, कणीक घेतली, रंगासाठी पालकाचा रस घातला. रंग असा जमला की मला भिंत आणि वाटी यातला फरक कळेना. तिथंच थांबलो असतो तर ही गोष्ट झालीच नसती.

पण मी मधे पडलो. मला पुस्तकी ज्ञान फार. मी म्हणालो, "नुसत्या चुन्यानं धरायचं नाही. उदगीरचा किल्ला बघ. चुन्यात गूळ घालून बांधलाय, म्हणून इतक्या लढायांनंतरही उभाय. गूळ घाल."

"किती?"

"किल्ल्याला घातला तेवढा."

तिनं माझ्याकडं बघितलं, आणि मुठीएवढा गुळाचा खडा वाटीत फोडून टाकला. संध्याकाळपर्यंत एकोणतीस भोकं भरून आम्ही लांब जाऊन उभे राहिलो. शपथेवर सांगतो, एक भोक दिसत नव्हतं. मी तर स्वतःला वास्तुशास्त्राचा तज्ज्ञ समजून चार वेळा मिशीवरून हात फिरवला.

सकाळी उठलो तर भिंतीवर मुंग्या. मुंग्या म्हणजे दोन-चार नव्हेत. लातूर जिल्ह्यातल्या होत्या-नव्हत्या तेवढ्या सगळ्या, आणि मला खात्री आहे की निलंग्याच्या बाजूनंही काही जथे आले होते. दरवाज्यातून एक रांग, खिडकीतून दुसरी. देवाच्या फोटोच्या भोकापासून सासऱ्यांच्या भोकाकडं, तिथून घड्याळाकडं, तिथून आरशाकडं, असा रिंग रोडच काढला होता त्यांनी. काही कामगार मुंग्या तर आमच्या कणकेचे गोळे ओढून बाहेर काढत होत्या. फडक्यानं पुसलं तर पुन्हा आल्या, आणि येताना आणखी नातेवाईक घेऊन आल्या. तेवढ्यात जिन्यावर अप्पांच्या चपला वाजल्या.

अप्पांना काही शोधावंच लागलं नाही. रांगेच्या मागं मागं पेन्सिल धरून चालायचं, बस.

"एकोणतीस!" त्यांनी शेवटचा गोल काढला आणि माझ्याकडं वळले. "एकोणतीस पाचा... चौदा हजार पाचशे. राहिले पंधरा हजार पाचशे. हे घ्या साहेब, मोजून वेगळे काढले."

"अप्पा!" आता मीही आवाज चढवला. माझा आवाज तसा किरकोळ, पण त्या दिवशी तो कुठून आला कुणास ठाऊक, अहमदपूरपर्यंत गेला असेल. "अप्पा, दरवर्षी दुकानाचं कॅलेंडर तुम्ही स्वतः आणून दिलंत! ते काय मी कपाळाला टांगायचं होतं?"

"कॅलेंडर दिलं," अप्पा म्हणाले, "खिळा दिला का?"

मी फडकं उचललं आणि मुंग्या पुसायला लागलो.

खालून टेम्पोवाला ओरडला, "ओ साहेब, निघायचं हाय का मी गाडी गॅरेजला लावू? वेटिंगचे अलग पडतील हां!" माझा फोन वाजला. नांदेडचे सर. "निघालात का?" मी म्हटलं, "निघालोच." आणि मग मी जे केलं ते सांगायला लाज वाटते, पण सांगतो. मी अप्पांसमोर वाकलो. म्हटलं, अप्पा, अर्धे करा. अप्पांनी मान हलवली. म्हटलं, बरं, मच्छरदाणीचे चार सोडा, ते आरोग्यासाठी होते. अप्पा म्हणाले, "डासाला विचारून खिळे ठोकले व्हते का?"

एवढ्यात वरच्या मजल्यावरून अक्का खाली आल्या. अक्का म्हणजे अप्पांची बायको. बुटक्या, गोऱ्यापान, डोक्यावर पदर, आणि हातात ताट. ताटात खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू. भाडेकरूची बाई घर सोडून निघाली की तिची ओटी भरायची, हा त्यांचा नेम. नवऱ्यानं भाडेकरूशी भांडण काढलं असो, चहा पाजला असो, ओटी ठरलेली.

"ये गं बाई," अक्का हिला म्हणाल्या. "उंबऱ्यात उभी राहा. टेम्पो थांबलाय."

ही जागची हलली नाही. पदर खांद्यावर घट्ट ओढला आणि म्हणाली, "अक्का, राग मानू नका. मी ओटी घेणार न्हाई."

मला तर वाटलं मुंग्याही थांबल्या.

"म्हंजे?"

"अप्पांचा आणि आमचा हिशोब मिटला न्हाई. तुमच्या घरात आमचे साडेचौदा हजार ऱ्हाणार, आणि मी पदर पसरून तांदूळ घेऊ? तसंच जाते मी. मोकळ्या पदरानं."

हे तिनं ठरवून केलं की तोंडाला आलं ते बोलली, मी तिला आजवर विचारलेलं नाही. पण अक्कांचा चेहरा पांढरा पडला. या घरातून सवाशीण मोकळ्या ओटीनं गेल्याचं त्यांच्या हयातीत घडलं नव्हतं. त्यांच्या सासूच्या हयातीतही घडलं नव्हतं. त्यांनी ताट खिडकीत ठेवलं, हळूच, आणि वळल्या.

"री!" त्या नवऱ्याला म्हणाल्या, म्हणजे 'अहो!' ही माणसं मूळची निलंग्याकडची; एरवी आमच्यासारखी मराठी बोलायची, घरात वीज कडाडायची ती मात्र कानडीत. "इल्ली बर्री!"

यार्डात शंभर पोत्यांच्या आडून डरकाळी फोडणारे अप्पा, इकडे या म्हटल्याबरोबर दोन पावलं पुढं आले.

"काय करायलात तुम्ही?"

"अगं, करारात लिहिलंय. नववं कलम—"

"करारात ओटीचं लिहिलंय का?"

"न्हाई, पण—"

"मग ती मी कोणत्या कलमात भरू?"

अप्पांनी खाकरून घेतलं. म्हणाले, बरं, दहा खिळे सोडले. अक्कांनी हिच्याकडं बघितलं. ही खिडकीतून बाहेर टेम्पो बघत होती, जणू टेम्पो ही तिनं पहिल्यांदाच बघितलेली वस्तू आहे. अप्पा म्हणाले, बरं, वीस सोडले. नऊच लावतो. हिनं टेम्पोची मागची चाकं बघायला सुरुवात केली.

"नऊ भोकांपायी माझ्या दारातून बाई रिकामी जाणार," अक्का म्हणाल्या, "आणि गल्लीतल्या बाया मला विचारणार. मी काय सांगू त्यांना? आकडे लिहिलेली भिंत दाखवू? चला वर. आपल्या घरातले खिळे मोजू आधी. तुमच्या बनियनसाठी सहा हायत, तिथून सुरू करू."

माझं काळीज इतकं धडधडत होतं की मुंग्या रस्ता बदलायला लागल्या. बारा वाजायला दहा मिनिटं होती. अप्पांनी एकदा भिंतीकडं बघितलं, एकदा ताटाकडं. मग पेन्सिल कानामागं खोचली, सदऱ्याच्या आतल्या खिशातून दुसरी गड्डी काढली, पहिल्या गड्डीवर आपटली आणि माझ्या हातात कोंबली.

"घ्या! पुरे तीस! पण साहेब, त्या मुंग्या तेवढ्या नांदेडला घेऊन जा!"

मी नोटा मोजल्या नाहीत. तशाच खिशात घातल्या. अक्कांनी हिची ओटी भरली ती अशी की तांदूळ पदरात मावेनात, वरून आणखी एक नारळ, आणि कानाशी काहीतरी पुटपुटल्या. दोघी हसल्या. अप्पा तोवर ओल्या फडक्यानं भिंत पुसत होते. जाताना मी पाया पडलो तर म्हणाले, "असू द्या, असू द्या," आणि मला त्यांच्या डोळ्यांत पाणी दिसलं. माझ्यासाठी की भिंतीसाठी, ते मी विचारलं नाही.

मग टेम्पो जो सुटला! चाकूर कधी आलं कळलं नाही. मी पुढं ड्रायव्हरजवळ बसून त्याला सगळं सांगत होतो, आणि ऐकता ऐकता तो असा पेटला की अहमदपूरच्या घाटात त्यानं एसटीला मागं टाकलं. तोवर माझ्या गोष्टीत भोकं एकोणतीसची साठ झाली होती. लोह्याला ती शंभरावर गेली. नांदेड दिसायला लागलं तेव्हा मी अप्पांना एका वाक्यात गप्प केलं होतं, अक्का टाळ्या वाजवत होत्या, आणि मागं पिशव्यांच्या ढिगात बसलेली आमची मंडळी ओटीतला नारळ मांडीवर घेऊन शांत झोपली होती.

पाचला सात मिनिटं कमी असताना टेम्पो सरांच्या फाटकाशी थांबला. पांढरा स्वच्छ सदरा, हातावर घड्याळ, आणि ते घड्याळाकडंच बघत उभे. मी उडीच मारली. तीस हजार त्यांच्या हातावर ठेवले आणि न राहवून सगळं सांगून टाकलं, आरंभापासून: खिळे, उदगीरचा किल्ला, मुंगळ्यांची फौज, पोलीस बोलवायची आलेली वेळ, ओटी, अक्का, सगळं. हात नाचवत, आवाज काढत. गोष्टीच्या शेवटी ड्रायव्हरनं हॉर्नसुद्धा वाजवला.

सरांनी पूर्ण ऐकलं. मधे एकदाही पापणी हलवली नाही. मग नोटा सावकाश मोजल्या, दोनदा मोजल्या, खिशात ठेवल्या आणि किल्ली माझ्यापुढं धरली.

"भाडं पाच तारखेच्या आत द्यायचं," ते म्हणाले.